हजेरीपटाबाहेरचा कामगार

रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या मजुराला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. मस्टरवर नाव असेल तर मजुरी मिळते. नाव नसेल तर दिवसभर दगड फोडूनही हात रिकामेच राहतात. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील मजुरांनी काम मागितले आणि त्या कामाची नोंदही मागितली. नोंद झाली की काम घेणाऱ्यावर जबाबदारी येते, हे निरक्षर मजुरालाही पक्के ठाऊक होते. त्याच महाराष्ट्रात आज पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर या शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही एक नवा कामगार दिसू लागला आहे. त्याची गत नेमकी उलटी आहे. त्याला दाम मिळते, बहुतेक वेळा वेळेवर मिळते आणि येथील मानाने भरपूरही मिळते. परंतु त्याचे नाव कोणत्याही मालकाच्या हजेरीपटावर नाही. त्याचा मालक कॅलिफोर्नियात, लंडनमध्ये किंवा सिंगापुरात बसतो. कामगार कोथरूडच्या दोन खोल्यांत लॅपटॉप उघडून बसतो. दोघांमध्ये समुद्र आहे आणि त्या समुद्रात पगारपत्रक बुडाले आहे.

२०२० च्या महासाथीनंतर घरबसल्या काम करण्याची पद्धत रुळली आणि परदेशी कंपन्यांना एक शोध लागला. भारतीय अभियंत्याला व्हिसा काढून नेण्याची गरज नाही, भारतात कचेरी थाटण्याचीही गरज नाही; त्याला त्याच्या घरीच कामाला लावता येते. हा अभियंता एकाच कंपनीचे काम करतो. तिच्या सोयीच्या वेळी, म्हणजे अनेकदा मध्यरात्री, बैठकीला हजर राहतो. रजा हवी असेल तर वरिष्ठाला विचारतो आणि वर्षाअखेर कामाचा हिशेब देतो. कंपनीने मनात आणले की त्याचा संगणकीय प्रवेश एका क्षणात बंद होतो. नोकरीची ही सर्व लक्षणे आहेत. तरीही त्याने सही केलेल्या कागदावर त्याचा उल्लेख ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असा असतो. त्याला पगारचिठ्ठी मिळत नाही; महिनाअखेरीस त्यानेच कंपनीला बिल पाठवायचे असते. नोकर मालकाला बिल पाठवतो, ही या व्यवस्थेची खूण होय.

पगारपत्रक म्हणजे हिशेबनिसाच्या टेबलावरील एक रूक्ष कागद, असे समजणे चुकीचे आहे. त्या कागदामागे शंभर वर्षांहून अधिक काळाचा कामगारलढा उभा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८९० साली रविवारची सुटी मिळवली, तेव्हापासून मालकाची जबाबदारी एकेक रकान्याने वाढत गेली. १९४८ साली राज्य कामगार विम्याचा कायदा आला, १९५२ साली भविष्यनिर्वाह निधीचा, १९६१ साली प्रसूतिलाभाचा आणि १९७२ साली ग्रॅच्युइटीचा. पगारपत्रकावरील प्रत्येक कपात आणि मालकाचा प्रत्येक हिस्सा म्हणजे संप, तुरुंगवास आणि वाटाघाटी यांतून मिळालेला एकेक हक्क आहे. त्याच कागदावर आयकराची कपातही होते. कामगाराचा हक्क आणि समाजाविषयीचे त्याचे कर्तव्य अशा दोन्ही गोष्टी एका ओळीत मांडणारा दुसरा दस्तऐवज औद्योगिक समाजाने निर्माण केलेला नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या कागदावरील एक छोटा रकाना विशेष अभिमानाचा आहे. तो व्यवसायकराचा. १९७५ साली राज्याने हा कर बसवला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेल्या या योजनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप दिले, आणि पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याला तिच्यापासूनच प्रेरणा मिळाली. शहरातील पगारदाराच्या वेतनातून कापलेल्या थोड्याशा रकमेतून दुष्काळी तालुक्यातील मजुराची मजुरी निघावी, यात शहर आणि खेडे यांच्यातील बंधुभावाला कायद्याचे अधिष्ठान देणारा एक विचार होता. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने या कराची वार्षिक कमाल मर्यादा २५० रुपयांवरून २,५०० रुपये केली. रक्कम किरकोळ असली तरी तिच्यामागचे नाते किरकोळ नाही. पगारपत्रक नाहीसे झाले की ही कपात करणारा हातच नाहीसा होतो. कंत्राटदार ठरलेल्या माणसाने स्वतः नावनोंदणी करून दरवर्षी ३० जूनपर्यंत २,५०० रुपये भरावेत, असे कायदा सांगतो. परंतु अशी नोंदणी करावी लागते हेच अनेकांच्या गावी नसते.

परदेशी कंपनीला भारतातील माणसाकडून काम घेण्याचे साधारण तीन मार्ग आहेत. भारतात स्वतःची कंपनी नोंदवून माणसे नेमणे हा पहिला. येथील एखाद्या मध्यस्थ कंपनीने कागदोपत्री मालक व्हावे, पगार व कपाती तिने कराव्यात आणि काम मात्र परदेशी कंपनीने घ्यावे, हा दुसरा. यात मध्यस्थ आपले शुल्क घेतो. तरी निदान कामगाराचे नाव कोठेतरी नोंदले जाते. तिसरा मार्ग कंत्राटदारीचा. तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बिनजबाबदारीचा आहे. भारतात केलेल्या कामाचा पगार भारतातील उत्पन्न ठरतो आणि तो देणारा परदेशी असला तरी करकपातीची जबाबदारी त्याच्यावर येते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली एली लिली प्रकरणात स्पष्ट केले आहे. परंतु ते तत्त्व पगाराला लागू होते. पगाराला पगार म्हटलेच नाही तर तत्त्व पुस्तकात राहते आणि पैसा बिलाच्या वाटेने येतो.

कंपन्या हा मार्ग का धरतात, हेही समजून घेतले पाहिजे. केवळ पैसे वाचवण्याचा हेतू त्यामागे असतो असे नाही. त्यात एक भीतीही असते. भारताने अनेक देशांशी केलेल्या करविषयक करारांत ‘स्थायी आस्थापना’ ही संकल्पना आहे. परदेशी कंपनीची अशी आस्थापना भारतात आहे असे ठरले तर तिच्या नफ्याच्या संबंधित भागावर भारताला कर आकारता येतो. येथे पगारदार नोकर नेमला तर उद्या आयकर खाते त्याच्या घरालाच आस्थापना म्हणेल, अशी भीती कंपन्यांचे सल्लागार घालतात. म्हणजे नफ्यावरील कराचा प्रश्न टाळण्यासाठी नोकराला नोकर म्हणण्याचेच टाळले जाते. भीती मालकाची आणि तिची किंमत मोजायची कामगाराने, असा हा व्यवहार आहे.

मालकाने झटकलेली सर्व कारकुनी आता कामगाराच्या शिरावर येऊन पडते. उगमस्थानी करकपात होत नसल्यामुळे त्याने आगाऊ कर भरायचा. १५ जूनपर्यंत वर्षाच्या कराचे १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत संपूर्ण. चूक झाली तर दरमहा एक टक्का व्याज. अमेरिकन कंपनी असेल तर आपण अमेरिकेचे करदाते नाही असे लिहून देणारा तिकडचा अर्ज वेगळाच. वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी घ्यायची. परदेशात पाठवलेल्या सेवेवर शून्य दराने कर असल्यामुळे तसे हमीपत्र दरवर्षी द्यायचे आणि पैसा परकीय चलनात आल्याचे बँकेचे दाखले जपायचे. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार नोकराने मालकाला दिलेली सेवा ही करपात्र सेवाच नव्हे. म्हणजे जो नोकर आहे त्याला या कराच्या नोंदणीशी कर्तव्य नाही. परंतु नोकराला कंत्राटदार म्हटले की आईवडिलांच्या घरातील एका खोलीत काम करणारी तरुणी कायद्याच्या दृष्टीने एकाएकी निर्यातदार होते!

इतका त्रास असताना हे तरुण मुकाट्याने सही का करतात? केवळ अज्ञानाने करतात असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. त्यांना एक मोठे आमिष दाखवले जाते, आणि ते आमिष कंपनीच्या खिशातून दिले जात नाही. ते भारताच्या सरकारी तिजोरीतून दिले जाते. या प्रश्नाची खरी गाठ येथे आहे, म्हणून आकडे नीट पाहिले पाहिजेत.

वकील, डॉक्टर, अभियंते, तांत्रिक सल्लागार आणि माहिती-तंत्रज्ञान व्यावसायिक यांच्यासाठी आयकर कायद्यात अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. एकूण जमेपैकी निम्मी रक्कम खर्च झाला असे धरायचे आणि उरलेल्या निम्म्यावरच कर द्यायचा. ज्याच्या जमेत रोखीचा वाटा पाच टक्क्यांपेक्षा जास्त नाही त्याला ही सोय वर्षाला ७५ लाख रुपयांपर्यंत मिळते. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीचे दर घेऊन हिशेब मांडला तर चित्र असे दिसते. वर्षाला ४० लाख रुपये पगार मिळवणाऱ्या नोकराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. ३९ लाख २५ हजारांवर, उपकरासह, त्याचा कर ७ लाख ८७ हजार ८०० रुपये होतो. शेजारच्या खोलीत तेच काम करणारा, तेवढेच पैसे घेणारा ‘कंत्राटदार’ २० लाखांवर कर देतो. तो होतो २ लाख ८ हजार रुपये. फरक ५ लाख ७९ हजार ८०० रुपयांचा. वास्तविक त्या कंत्राटदाराला ना कचेरी आहे, ना मदतनीस, ना कच्चा माल. त्याचा खर्च म्हणजे लॅपटॉप, वीज आणि इंटरनेट. तो २० लाख कोठून असणार?

आता दुसरी बाजू. नोकर म्हणून नेमले असते तर मालकाला काय द्यावे लागले असते? उत्पन्नाचा निम्मा भाग कायद्याच्या अर्थाने वेतन धरला आणि मालकाने पूर्ण वेतनावर बारा टक्के भविष्यनिर्वाह निधी दिला, तर वर्षाला २ लाख ४० हजार रुपये. कायद्याची सक्ती मात्र २०१४ साली ठरलेल्या दरमहा १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेशी बांधलेली आहे. ग्रॅच्युइटीचा हिशेब दर वर्षामागे सुमारे ९६ हजार रुपयांचा. त्याखेरीज भरपगारी रजा आणि स्त्री कर्मचारी असेल तर २६ आठवड्यांची प्रसूतिरजा. हा सर्व बोजा कंपनीने टाळला. कामगाराने विचारले तर त्याला सांगितले जाते की, “तुमच्या हातात पैसे जास्तच पडतात.” ते खरेही आहे. परंतु जे जास्त पडतात ते करदात्या समाजाने सोडून दिलेले पैसे आहेत. परदेशी मालकाने आपली जबाबदारी झटकावी आणि त्याबद्दल कामगाराची समजूत भारताच्या तिजोरीने घालावी, असा हा तिहेरी व्यवहार आहे. ज्या तिजोरीत प्राथमिक शाळेच्या छपरासाठी पैसा नाही असे सांगितले जाते, तीच तिजोरी जगातील बलाढ्य कंपन्यांच्या वेतनखर्चाला हातभार लावते!

आणि हे आमिषही सर्वांना सारखे मिळत नाही. वर्षाला १२ लाख मिळवणाऱ्याचा विचार करावा. त्याच वर्षाच्या दरांनुसार पगारदाराचे १२ लाख ७५ हजारांपर्यंतचे उत्पन्न करमुक्तच होते. मग कंत्राटदार होऊन त्याने काय मिळवले? करात एक रुपयाही नाही. गमावले मात्र सर्व काही. परदेशी ग्राहकांच्या तक्रारी रात्री ऐकणारी मुले, ध्वनिमुद्रणाचे लेखन करणाऱ्या गृहिणी, यंत्राला शिकवण्यासाठी हजारो चित्रांवर खुणा करणारे तालुक्याच्या गावातील पदवीधर यांचे उत्पन्न तर याहूनही पुष्कळ कमी आहे. त्यांच्याही हातात कागद तोच ठेवला जातो. वरच्या थरासाठी गोड करून दिलेले औषध खालच्या थराला कडूच प्यावे लागते.

या कागदाची खरी परीक्षा संकटाच्या दिवशी होते. एका सकाळी संगणक उघडत नाही आणि दोन ओळींचे पत्र येते. शेवटच्या दोन महिन्यांचे बिल थकलेले असते. २०१९ च्या वेतन संहितेत नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत संपूर्ण हिशेब चुकता करण्याची तरतूद आहे. पण ती नोकरासाठी. कंत्राटदाराने दावा लावायचा, आणि करारात बहुधा लिहिलेले असते की वाद अमेरिकेतील अमुक राज्याच्या किंवा इंग्लंडच्या न्यायालयातच चालेल. सांगलीच्या मुलाने तीन लाख रुपयांच्या थकबाकीसाठी तिकडे वकील लावायचा काय? आजारपण आले तर विमा नाही, बाळंतपण आले तर रजा नाही, आणि उतारवयासाठी मालकाचा हिस्सा जमा झालेला नाही. गृहकर्ज मागायला गेले तर बँक पगारचिठ्ठी मागते. ज्या दिवशी पगारपत्रकाची किंमत कळते त्या दिवशी ते मागायला मालकच समोर नसतो.

यावर कार्यकर्त्यांमधूनच एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक असेल. ऊसतोड मजूर, सफाई कामगार, वीटभट्टीवरील कुटुंबे यांचे प्रश्न सुटले नसताना डॉलर मिळवणाऱ्या अभियंत्यांची चिंता श्रमिकांच्या चळवळीने का वाहावी? या आक्षेपाला उत्तर देताना त्या अभियंत्याला दीनदुबळा ठरवण्याची मुळीच गरज नाही. तो दीनदुबळा नाही. परंतु मालकशाहीची कोणतीही नवी पद्धत आधी जेथे विरोध कमी तेथे रुजते आणि मग खाली पसरते. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे प्राध्यापक, वार्षिक करारावर काम करणारे पत्रकार, ‘सल्लागार’ म्हणून नेमलेले रुग्णालयांतील डॉक्टर हे सर्व त्याच वाटेवरचे प्रवासी आहेत. सुशिक्षित माणसाने आपण नोकर नसल्याचे हसतमुखाने लिहून दिले की तोच कागद उद्या अशिक्षिताच्या अंगठ्याखाली सरकवणे मालकाला सोपे जाते. दुसरे असे की, कामगार ठरण्याची कसोटी उत्पन्न किती ही कधीच नव्हती. दुसऱ्याच्या नियंत्रणाखाली, दुसऱ्याच्या नफ्यासाठी, स्वतःच्या श्रमावर जगणे ही ती कसोटी आहे.

शिवाय हा प्रश्न दिसतो तेवढा नवा नाही. घरात बसून मालकाचे काम करणारा आणि मालकाने ‘हा माझा नोकरच नव्हे’ म्हटलेला कामगार महाराष्ट्राला पिढ्यानपिढ्या माहीत आहे. सोलापूर, सिन्नर, गोंदिया येथे घराच्या उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन बिडी वळणारी बाई ही तीच कामगार. मालक म्हणत असे, ‘ती आपल्या घरी, आपल्या वेळेला, घरच्या माणसांच्या मदतीने काम करते; आम्ही तिच्यावर देखरेख कोठे करतो?’ यापुढे जाऊन विक्री-खरेदीची युक्ती काढण्यात आली : पाने व तंबाखू बाईला विकल्याचे दाखवायचे आणि वळलेल्या बिड्या तिच्याकडून विकत घेतल्याचे दाखवायचे, म्हणजे ती मजूर न राहता व्यापारी झाली! आज अभियंत्याला निर्यातदार करणारी बुद्धी आणि बिडीवालीला व्यापारी करणारी बुद्धी एकच आहे.

त्या बुद्धीला कायद्याने उत्तर दिलेले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या कामगाराला मान्यता दिली आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. त्याआधी १९७३ साली शिवणकाम करणाऱ्या कारागिरांच्या खटल्यात, दुकानमालकाच्या यंत्रावर काम करणारा आणि नगावर मजुरी घेणारा शिंपीही नोकर असू शकतो, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हुसेनभाई खटल्यात मध्यस्थांचा पडदा बाजूला सारून, कामगाराच्या उपजीविकेवर आर्थिक ताबा कोणाचा ते पाहा आणि त्यालाच मालक म्हणा, असा दंडक घालून दिला. आणि १९८५ साली पी. एम. पटेल प्रकरणात न्यायालयाने घरी बिडी वळणाऱ्या कामगारांना भविष्यनिर्वाह निधीचा हक्क मान्य केला. तयार बिडी पसंत पडली नाही तर ती नाकारण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याचेच कामावर नियंत्रण आहे, हा त्यामागील युक्तिवाद होता. बिडीच्या सुपावर जो न्याय लागू झाला तो लॅपटॉपवर लागू होऊ नये, असे कोणते कारण आहे? लॅपटॉपवर तर मालकाची नजर अधिक बारीक असते.

उणीव आहे ती अंमलबजावणीची आणि राजकीय इच्छाशक्तीची. चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत परंपरागत मालक-नोकर नात्याबाहेर काम करणाऱ्यांची व्याख्या आली. त्यांच्यासाठी मंचचालक कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूदही आली. परंतु परदेशातून थेट काम घेणारी कंपनी मंचचालक नसते, म्हणून तिच्यावर ती वर्गणी बसत नाही. आणि कागदावर ती मालकही नसते, म्हणून भविष्यनिर्वाह निधीचा हिस्साही बसत नाही. आयकराचा जुना १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आणण्यात आला. भाषा सोपी करण्याचा गाजावाजा झाला. खोट्या कंत्राटदारीला मिळणारे बक्षीस काढून घेण्याचा विचार मात्र झाला नाही.

परदेशी कंपनी आपल्या हद्दीबाहेर, तिला कसे पकडणार, असा हताश प्रश्न केला जातो. या प्रश्नाचे उत्तर सरकारनेच स्वतःच्या कृतीने दिलेले आहे. परदेशातून भारतीय ग्राहकाला संगणकावरून सेवा विकणाऱ्या कंपनीची येथे कचेरी नसली तरी तिला २०१७ पासून वस्तू व सेवा कराची नोंदणी सोप्या पद्धतीने करावी लागते, येथे प्रतिनिधी नेमावा लागतो आणि कर भरावा लागतो. म्हणजे भारतीय ग्राहकाच्या खिशातून कर वसूल करण्यासाठी सरकारचा हात समुद्रापलीकडे पोचतो. भारतीय कामगाराच्या म्हातारपणाची वर्गणी वसूल करायची वेळ आली की तोच हात आखूड होतो! फ्रान्समध्ये आस्थापना नसलेल्या परदेशी मालकालाही तेथील कामगाराच्या सामाजिक विम्यासाठी नोंदणी करून वर्गणी भरावी लागते. युरोपीय संघाने २०२४ साली मंचावरील कामगारांबाबत निर्देश काढून, नियंत्रणाची लक्षणे दिसली की नोकरीचे नाते गृहीत धरावे आणि ते नाही हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर टाकावा, असे तत्त्व स्वीकारले. जे तेथे शक्य आहे ते येथे अशक्य मानण्याचे कारण नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. पहिली, जो माणूस सलग काही महिने आपले बहुतांश उत्पन्न एकाच परदेशी कंपनीकडून आणि तिच्या नियंत्रणाखाली मिळवतो तो नोकर आहे असे कायद्याने गृहीत धरावे. तो नोकर नाही हे कंपनीने सिद्ध करावे. दुसरी, परदेशी मालकासाठी पगारपत्रकाची सोपी नोंदणी सुरू करावी, आणि केवळ या नोंदणीमुळे नफ्यावरील कराचा प्रश्न निर्माण होणार नाही अशी खात्री द्यावी. भीतीचे कारण दूर केले की सबब उरत नाही. तिसरी, निम्मी जमा खर्च म्हणून सोडण्याची सवलत अनेक अशिलांचे काम करणाऱ्या, खरोखर खर्च करणाऱ्या व्यावसायिकांपुरती ठेवावी. एकाच मालकाच्या बिलावर जगणाऱ्याला ती देऊ नये. चौथी, अशा कामगाराला भविष्यनिर्वाह निधीत स्वतःचे खाते उघडता यावे आणि मालकाचा हिस्सा परकीय चलनात थेट तेथे जमा व्हावा. पाचवी, भारतात बसून केलेल्या कामाच्या वेतनाचा वाद भारतातील कामगार न्यायालयात चालेल. त्याविरुद्ध करारात काहीही लिहिलेले असले तरी ते रद्दबातल समजावे.

यांतील तिसरी मागणी या तरुणांना रुचणार नाही, याची जाणीव ठेवूनच ती मांडली पाहिजे. हातात पडणारे पाच-सहा लाख रुपये कमी होतील असे सांगून कोणी टाळ्या मिळवत नाही. परंतु हक्काची मागणी करायची आणि कर्तव्याचा रकाना कोरा ठेवायचा, ही शिकवण श्रमिक चळवळीची नव्हे. ज्या अभियंत्याचे शिक्षण अनुदानित शाळेत आणि सरकारी महाविद्यालयात झाले, त्याच्या करावर पुढच्या मुलाच्या शाळेचा हक्क आहे. नोकर म्हणून पूर्ण कर भरणारा माणूस मालकाकडे पूर्ण हक्क ताठ मानेने मागू शकतो. सवलतीने मिंधा झालेला माणूस मालकाच्या सोयीच्या खोटेपणात भागीदार होतो, आणि भागीदाराला तक्रार करता येत नाही.

कार्यकर्त्यांपुढे येथे एक अनोळखी क्षेत्र आहे. या कामगाराला गेट नाही. पाळी सुटल्यावर त्याला गाठता येत नाही, सभेची पत्रके वाटता येत नाहीत. शेजारच्या इमारतीत तसाच दुसरा कामगार आहे हेही त्याला ठाऊक नसते. त्याला गाठायचे तर त्याच्या अडचणीच्या वेळी गाठावे लागेल. प्रत्येक शहरात करांच्या तारखा, व्यवसायकराची नोंदणी, करारातील कलमे आणि थकलेली बिले यांबाबत सल्ला देणारे एक मदतकेंद्र कामगार संघटनांनी चालवावे. बिडी कामगारांचे खटले चालवलेले वकील आणि कार्यकर्ते यांचा अनुभव तेथे उपयोगी पडेल. पुण्यात माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे काम सुरू झालेलेच आहे. त्या कामाशी जुन्या संघटनांनी नाते जोडले पाहिजे. तरुणानेही एक लहानसे पाऊल आजच टाकावे : कायद्याला वाट न पाहायला लावता व्यवसायकराची नोंदणी करावी आणि वर्षाचे २,५०० रुपये भरावेत. कोथरूडच्या खोलीतून माणदेशच्या मजुरापर्यंत जाणारा तो जुना धागा त्याने तुटू देऊ नये.

दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईने आपले नाव मस्टरवर घालून घेतले, तेव्हा मुकादमाशी तिला भांडावे लागले होते. नाव लागल्यावरच ती कामगार म्हणून उभी राहिली. घरात बसून महासागरापलीकडच्या मालकाची चाकरी करणाऱ्या तिच्या नातवालाही तेच भांडण नव्याने करावे लागणार आहे. त्याचा मुकादम दूर आहे आणि दाम गोड आहे, म्हणून ते भांडण टाळता येणार नाही. हजेरीपटावर त्याचे नाव लागेपर्यंत श्रमिक चळवळीने त्याच्या बाजूने उभे राहिले पाहिजे.